वार पडली का?

२ जानेवारी. वार : ……

एका खत कंपनीनं दुकानावर डायऱ्या पाठवल्या होत्या. गिऱ्हाइकांना वाटून ही एक उरली. पानाच्या डोक्यावर दिनांक छापलाय आणि शेजारी 'वार' लिहून नुसती टिंबं. कुठल्याही वर्षी चालावी म्हणून वार ज्यानं त्यानं भरायचा म्हणे. फुकटच्या डायरीनं मला गृहपाठ देऊ नये. वार फोनवर दिसतो. मी तो भरणार नाही.

आता लिहायचं कारण. माझी बायको अंकिता हिला आठवा लागला आहे. थोरली ब्राह्मी सिझर करून झाली. या खेपेला नॉर्मल करायचं, असा निर्णय मी घेतला आहे. याला डॉक्टर लोक व्हीबॅक म्हणतात. व्हिडिओ बघून बघून मी हा विषय पार कोळून प्यायलो आहे. अंकिता इथं आष्ट्यातच कॉलेजात गणित शिकवते. तिच्यापुढं निर्णय मांडला, तर पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "मी पहिल्या महिन्यापासून तेच म्हणतेय." म्हणजे एकमत झालं.

आष्ट्यात कुणाच्या हळदीवर करपा आला, कुणाचा ऊस पिवळा पडला, की माणूस पहिल्यांदा सन्मती मगदूमच्या दुकानात येतो. मी पान बघतो, औषध देतो, संपला विषय. तसंच हे. माझा अनुभव पुढं चार लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून सगळं नोंदवून ठेवणार आहे.

७ जानेवारी. वार : ……

आम्ही जैन, आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. आज जेवताना घरात निर्णय जाहीर केला. मला वाटलं आई खूश होईल. जुन्या बायकांना नॉर्मलचं कौतुक असतं. तर आमच्या मातोश्रींचं सगळंच उलटं.

"कापूनच काढा म्हणावं," ती म्हणाली. "पयलं कापून झालंय, दुसरंबी कापून. कशाला नसती उठाठेव?"

मग मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. निसर्ग म्हणजे काय, बाईचं शरीर म्हणजे काय, सगळं. शेवटी हुकमाचं पान टाकलं. "आई, तू मला कुठं जन्म दिलास? मळ्यातल्या घरात. ना भूल, ना टाका. मग? तुला काय झालं?"

आईनं मग ताट उचललं आणि मागं जाऊन भांडी घासायला बसली. भांड्यांना बाई येते, हे तिच्या ध्यानात राहिलं नसावं. आण्णांनी, म्हणजे वडलांनी, अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि पायताण घालून मळ्याकडं निघाले. दिवस बुडताना मळ्यात काय काम असतं, देव जाणे. मुद्द्याला उत्तर नसलं की म्हातारी माणसं अशी उठून जातात.

वास्तविक आण्णा विचारानं पुढारलेले. रामगोंडा मगदूम हा आमच्या भावकीतला पहिला माणूस, ज्यानं एका पोरावर थांबायचा निर्णय घेतला. त्या काळात! मी हे सगळीकडं अभिमानानं सांगतो. आण्णा स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मोठेपणा म्हणतात तो हा.

१८ जानेवारी. वार : ……

सांगलीला सोनोग्राफी झाली. डॉ. संयोगिता बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. मी दारातच उभा होतो, कारण नेमका एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. एक कान फोनला, एक आत. डॉक्टर अंकिताला म्हणाल्या, "वार चांगल्या जागी आहे. मला तीच धास्ती होती. आता प्रयत्न करायला हरकत नाही." अंकितानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

मी चाट पडलो. भिंतीवर एवढ्या पदव्या टांगलेल्या, आणि बाई वार बघतायत! रविवार चांगल्या जागी, शनिवार वाईट जागी! आमच्या बस्तीतले उपाध्ये मुहूर्त सांगतात, ते निदान देवळात बसून सांगतात. मी अंकिताला गाडीत म्हणालो, "या डॉक्टर जरा अंधश्रद्धाळू वाटतात." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "जाऊ दे." गरोदर बाईच्या मनात शंका भरू नये.

घरी आल्यावर आईला मुद्दाम सांगितलं, म्हटलं बघू काय म्हणते. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "वार चांगली हाय म्हणाल्या? नक्की?"

आईचं माहेर अथणीकडचं, बोलणं कानडी वळणाचं. इतकी वर्षं आष्ट्यात राहूनही तिचं व्याकरण काही सुधारलं नाही. ट्रॅक्टर आली म्हणते, आता वार चांगली म्हणते. मी दुरुस्त केलं. "चांगला, आई. वार चांगला."

"तू काय बी म्हण," ती म्हणाली. "ती चांगली आसली म्हंजी झालं."

२६ जानेवारी. वार : ……

शाळेत झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून मीच. भाषण झकास झालं. "माझी नाळ याच आष्ट्याच्या मातीत पुरलेली आहे," या वाक्याला टाळ्या. घरी येऊन आईला तेच वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?" म्हटलं, अगं भाषणात असं म्हणायची पद्धत असते.

४ फेब्रुवारी. वार : ……

सकाळी मळ्यात म्हैस व्याली. रेडी झाली, तरतरीत. मी लगेच फोटो काढला, चार जणांना पाठवला आणि आण्णांना म्हणालो, "चला, चहा घेऊ." आण्णा जागचे हलेनात. गोठ्यात पोत्यावर बसून राहिले.

"झाली की आता मोकळी," मी म्हणालो.

"कशाची मोकळी? निम्मं काम झालंय. जार कुठं पडलीया?"

जार म्हणजे पोटात वासराच्या भोवतीनं असते ती. वासरामागून पडते. पडली नाही तर जनावर हातचं जातं, एवढं मलाही माहीत आहे. पण त्यासाठी एका माणसानं चहा सोडून बसून राहायचं म्हणजे फारच झालं. मी दुकान उघडायला गेलो. दुपारी आण्णा आले ते म्हणाले, "पडली एकदाची," आणि मगच तोंडात पाणी घातलं. वय झालं की माणसं जनावरांत जास्त जीव अडकवतात.

१९ फेब्रुवारी. वार : ……

बाळंतपण कुठं करायचं यावर चर्चा. माझं म्हणणं, आष्ट्यातच. दुकानापासून हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे, मला जा-ये करायला सोपं.

"तिथं भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर येतात," अंकिता म्हणाली. "आणि रक्त सांगलीहून आणावं लागतं."

"नॉर्मल व्हायचंय ना? मग रक्त कशाला?"

तिनं पेन खाली ठेवून माझ्याकडं असं बघितलं, की मला तिच्या वर्गातल्या पोरांची दया आली. म्हणाली, "मी सांगलीला नाव घातलंय. रक्ताचंही बोललेय." नंतर दुकानात बसून सगळ्या बाजूंनी विचार केला आणि मीही सांगलीचाच निर्णय घेतला.

संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आई आणि अंकिता कुजबुजत होत्या. आई पोटाच्या खाली, पार ओटीपोटाजवळ, आडवं बोट फिरवून काहीतरी दाखवत होती आणि अंकिता वाकून बघत होती. मला बघून दोघी गप्प. निऱ्या कुठं खोचायच्या यावर चर्चा असावी. या दिवसांत साडीचा त्रास होतोच.

आई अलीकडं त्या वाराच्या मागं लागली आहे. उठता बसता "वार नीट पडू दे रं देवा." म्हातारीची समजूत काढायची म्हणून मी फोनमध्ये तारीख बघितली. डॉक्टरांनी नऊ मार्च सांगितली आहे, रविवार येतो. मी तिला म्हणालो, "आई, वाराची काळजी सोड. मी बघितलाय. वार चांगला पडणार."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "तुला ठावं हाय व्हय रं वारंचं?"

"न ठाऊक असायला काय झालं? ॲग्री शिकलोय मी."

तिनं दोन्ही हातांनी माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. डोळ्यांत पाणी! "मला वाटलं, गड्या माणसाला काय कळणार," म्हणाली. दुकान काढलं तेव्हासुद्धा एवढी हळवी झाली नव्हती. एका रविवारात एवढं काय असतं कोण जाणे.

२७ फेब्रुवारी. वार : ……

इथं कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. मला भीती वाटते.

व्हिडिओत एक वाक्य आहे, जुना टाका कळांच्या जोरानं फाटू शकतो. क्वचित, असं म्हणतात. आधी ते वाक्य मी भराभर पुढं ढकलायचो. आज दुकानात एका माणसाला चुकून तणनाशक देत होतो, त्यानंच बाटली वाचून परत केली. अंकिताला विचारलं, "तुला भीती वाटते का?" ती म्हणाली, "वाटते की. म्हणून तर तयारी करतेय." मला तयारी काय करायची तेच कळत नाही. गाडीत डिझेल भरून आणलं.

६ मार्च. वार : ……

सांगलीच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय. झालं! जिंकलो! मुलगा! नॉर्मल!

पहाटे कळा सुरू झाल्या, आण्णांना घेऊन निघालो. ब्राह्मीला सांभाळायला आई घरी राहिली. इथं आल्यापासून अंकिताच्या पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके सारखे बघत होते. मी आत डोकावलो की ती म्हणायची, "तुम्ही बाहेर बसा हो, तुमच्याकडं बघून मलाच घाम येतोय." दुपारी सिस्टर कपड्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आल्या. लालबुंद, रागावलेला, हुबेहूब आण्णा. टाका शाबूत. माझा अभ्यास खरा ठरला. दुकानाच्या ग्रुपवर टाकलं : 'पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल. आई व बाळ सुखरूप. योग्य निर्णय, योग्य वेळी.' अंगठ्यांचा पाऊस पडतोय.

आईला फोन केला. मुलगा म्हटलं, नॉर्मल म्हटलं, तर ना आनंद ना काही. पहिला प्रश्न, "वार पडली का?"

मी हसलो. "पडला की. गुरुवार. रविवारपेक्षाही चांगला."

"आरं वार रं, वार! पडली का न्हाई?"

"गुरुवार, आई, गुरुवार! आता फोन ठेव, मला पेढे आणायचेत."

ती ओरडत होती काहीतरी. आनंदानं माणसाचा आवाज असा चढतो. चाललो पेढ्याला.

८ मार्च. वार : ……

परवाचं वरचं पान वाचलं. फाडून टाकावंसं वाटलं. फाडत नाही.

पेढे घेऊन आलो तेव्हा लेबर रूमच्या दारात सिस्टरांची पळापळ चालली होती. एकीला अडवून पेढा पुढं केला. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, "थांबा हो. वार पडली नाही अजून."

मी म्हणालो, "आज गुरुवार ना?"

देवा, मी खरंच असं म्हणालो. मागून आण्णांनी माझा दंड धरला. एवढा घट्ट त्यांनी मला लहानपणी यात्रेतही धरला नव्हता.

"जार रं," आण्णा म्हणाले. "बाईची जार. तिला वार म्हंत्यात."

डोक्यात सगळं एकदम. वार चांगल्या जागी आहे. वार नीट पडू दे. वार पडली का. घरातल्या बाया दोन महिने एकच गोष्ट बोलत होत्या आणि मी त्यांचं व्याकरण दुरुस्त करत होतो.

डॉक्टर बाहेर आल्या. हातमोजे कोपरापर्यंत लाल. भराभर बोलल्या, पण सगळं समजेल असं बोलल्या. बाळ आलं, वार आतच आहे. इंजेक्शन दिलं, नाळ धरून हलक्या हातानं ओढून बघितली, येत नाही. रक्त जातंय, फार वेळ वाट बघता येणार नाही. ऑपरेशन थिएटरात नेऊन भूल देऊन हातानं काढतो. "आधी सिझर झालेलं आहे. सोनोग्राफीत वार टाक्यापासून लांब दिसत होती, पण आत चिकटून बसली असेल आणि रक्त थांबलं नाही, तर पिशवी काढावी लागेल. इथं सही करा."

"पिशवी काढली तर?" मी विचारलं.

"तर बाई राहील," त्या म्हणाल्या.

सही करायला टेबल नव्हतं. पेढ्यांच्या बॉक्सवर कागद ठेवून केली. खिशात फोन थरथरत होता. अभिनंदन, अभिनंदन. अंकिताला समोरून नेलं. चेहरा कागदासारखा. मला बघून ती काहीतरी बोलली, मी वाकलो. म्हणाली, "आईंना फोन करा." मी हो म्हणालो आणि फोन काढला तर बॅटरी संपलेली. लोकांच्या शुभेच्छांनी संपवली. आण्णांचा फोन घरी देव्हाऱ्याजवळ असतो, चार्जिंगला. आईचा नंबर तोंडपाठ असता तरी दुसऱ्याच्या फोनवरून केला असता का, ठाऊक नाही. सांगणार काय होतो?

आम्ही बाकावर बसलो. आण्णा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "तुझ्या आईचीबी आशीच राहिली व्हती."

"कधी?"

"कवा म्हंजी? तुझ्या येळंला. तू आलास, रडलास, समद्यास्नी वाटलं झालं. मी गूळ वाटाय भाईर पडलो. सुईणीनं नाळ धरून वडली, ती तुटली हातात. माघारी आलो तर घोंगडं समदं रक्तानं... कारखान्याला चाललेला ट्रॅक्टर आडवला. त्या मानसानं ऊस रस्त्यावं वतला आन् ट्रॉलीत तुझ्या आईला घातली. सांगली येस्तवर मी तिचं नाव घेत व्हतो. हितं पिशवी काढली, म्हणून वाचली."

म्हणजे तो आडवा व्रण. निऱ्या नव्हेत.

मी म्हणालो, "मला वाटत होतं, एका पोरावर थांबायचं तुम्ही ठरवलं."

"व्हय," आण्णा म्हणाले. "डॉक्टरनं ठरवलं, आमी व्हय म्हटलं. तू गावभर सांगत हिंडायचास. तुझ्या आईलाबी त्ये बरं वाटायचं, म्हणून गप बसलो."

मला तेव्हा आईच्या ताटाची आठवण झाली. तुला काय झालं, असं मी तिला विचारलं होतं. जेवताना. हुकमाचं पान म्हणून.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. रक्ताच्या दोन पिशव्या आत गेल्या. आधीपासून तयार होत्या, नाव लिहून. मी सिस्टरला म्हणालो, तुमच्या दवाखान्याची व्यवस्था चांगली आहे. ती म्हणाली, "व्यवस्था पेशंटची आहे. मॅडमनी मागच्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं."

डॉक्टर आल्या तेव्हा आधी मास्क काढला. "निघाली. पूर्ण निघाली. टाक्याला नव्हती हो चिकटली, वरच्या कोपऱ्यात धरून बसली होती. रक्त थांबलंय. पिशवी जागेवर आहे."

मी रडलो. मोठ्यानं, हुंदके देऊन. लिहायला लाज वाटत नाही. आण्णांनी माझ्या हातातला बॉक्स काढून घेतला, उघडला आणि पहिला पेढा डॉक्टरांना दिला. म्हणाले, "आता वाटतो."

दिवस मावळताना कपडे आणायला आष्ट्याला आलो. आई फाटकात उभी होती, ब्राह्मी कडेवर. दुपारपासून तिथंच, असं ब्राह्मीनं नंतर सांगितलं. मी गाडीतून उतरायच्या आत तिनं विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. "वार पडली का?"

"पडली, आई. अडकली होती. काढली. पूर्ण निघाली." मग मला सुचलं. "पिशवी हाय. अंकिता हाय."

आई पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी तिला कधी असं रडताना बघितलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो. ब्राह्मी दोघांकडं बघून विचारत होती, "काय पडलं? काय पडलं?" घरात गेलो तर सकाळचा स्वयंपाक झाकलेला तसाच. आई दिवसभर जेवली नव्हती आणि आता दिवस बुडाला होता, म्हणजे उद्यापर्यंत काही नाही. मीही जेवलो नाही. ती म्हणाली, "तू खा की रं." मी म्हणालो, "आपण सकाळी जेवू."

१२ मार्च. वार : ……

अंकिता घरी आली. अशक्त आहे, पण जीभ शाबूत. आज तिला विचारलं, "तुला आईचं सगळं माहीत होतं?"

"लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

तिनं आर्जवला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं. बाळाचं नाव आईनं ठेवलं आहे, आर्जव. म्हणजे सरळपणा. बारशाला वेळ आहे, पण आतापासूनच तसं हाक मारतात. अंकिता म्हणाली, "कसं सांगणार? तुम्ही सांगत असता ना."

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

ती म्हणाली, "हे बघा. म्हणजे काय विचारताय. सुधारणा आहे." आणि हसली, मग टाका दुखतो तशी पोटाला हात लावून थांबली. टाका तर नवा नाहीच. मी घाबरलो. ती म्हणाली, "नुसती सवय आहे हो."

दुकानात आज एक जण म्हणाला, सुनेचं पहिलं सिझर झालंय, दुसऱ्याचं काय करावं, तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "डॉक्टरला विचारा. सुनेला विचारा. आणि पोर झालं की पेढ्याला लगेच पळू नका." त्याला काही कळलं नाही. त्यानं करप्याचं औषध घेतलं आणि गेला.

१८ मार्च. वार : ……

काल बारसं झालं. सोयर फिटलं, आई आज बस्तीत जाऊन आली.

दुपारी सोप्यात ती आर्जवला मांडीवर घेऊन शेकत बसली होती. मी विचारलं, "आई, माझी वार कुठं पुरली?"

"कुठं पुरतील? तुकड्या तुकड्यानं निघाली, दवाखान्यातच गेली. संगं पिशवीबी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू भाषणात सांगतोस, आष्ट्याच्या मातीत पुरली म्हणून. आसू दे. बरं वाटतंय ऐकाय."

मी डायरी काढली. सहा मार्चचं पान उघडलं आणि 'वार'च्या शेजारच्या टिंबांवर लिहिलं, 'पडली.' अंकितानं खांद्यावरून वाकून बघितलं. गणिताची मास्तरीण. मला वाटलं, गुरुवार लिहा म्हणेल. ती म्हणाली, "पुढं 'पूर्ण' लिहा." लिहिलं.

मग उगाच पुढची कोरी पानं उलटत गेलो, ते एकवीस नोव्हेंबरवर थांबलो. माझा वाढदिवस. तिथंही शेजारी तीच टिंबं. पेन टेकवलं आणि काय लिहावं ते कळेना. पडली म्हणावं तर तशी पडली नाही. पूर्ण म्हणावं तर पूर्णही नाही. आईला विचारलं, "आई, इथं काय लिहू?"

तिला डायरी, दिनांक, काही सांगितलं नव्हतं. तिनं चष्मा नसताना पानाकडं बघितलं, 'वार' एवढा एक शब्द लावून वाचला, आणि आर्जवच्या टाळूवर तेल थापटत म्हणाली, "लिही की, उशिरा पडली. मी हाय न्हवं का?"